पंचवीस पट, पण कशाची?

नोकरदार मध्यमवर्गाच्या निवृत्तीविषयी गेल्या काही वर्षांत जो एक सिद्धान्त आपल्याकडे शास्त्रवचनाच्या थाटात प्रसृत झाला आहे, त्याची मांडणी इतकी आटोपशीर आहे की तिच्याविषयी शंका काढणाराच मंदबुद्धी ठरावा. घराचा वार्षिक खर्च काढावा, त्यास पंचविसाने गुणावे, आणि येईल तेवढी पुंजी ज्या दिवशी गाठीस जमेल त्या दिवशी राजीनामा लिहावयास हरकत नाही. पुढे पहिल्या वर्षी त्या पुंजीच्या शेकडा चार आणि नंतर महागाईच्या मानाने वाढवीत नेलेली रक्कम दरसाल उचलीत राहावे, म्हणजे आयुष्य सरेल पण पैसा सरणार नाही, असे हे शास्त्र सांगते. महिना पन्नास हजारांत संसार चालविणाऱ्या ठाण्याच्या किंवा नाशिकच्या गृहस्थास मग सहा लाख गुणिले पंचवीस, म्हणजे दीड कोटी, हा आकडा मिळतो, आणि तो मनाशी धरून तो उरलेली वर्षे मोजू लागतो. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्या, म्युच्युअल फंडांचे विक्रेते आणि पंचेचाळिशीतच नोकरीस रामराम ठोकू पाहणारे हिंजवडीचे संगणक अभियंते यांचे एरवी कशावर एकमत होत नसेल, पण या पंचविसाच्या पाढ्यावर त्यांची विलक्षण एकवाक्यता आहे. माझे म्हणणे असे की हा गुणाकार आपल्या परिस्थितीत अपुरा तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तो चुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आणि त्याच्या जागी तिसाचा, चाळिसाचा वा पन्नासाचा पाढा बसविल्याने चूक दुरुस्त होत नाही, ती फक्त महाग होते.

प्रतिपक्षास न्याय द्यावयाचा तर प्रथम त्याच्या मूळ पुरुषाकडे गेले पाहिजे. विल्यम बेन्गेन हे कॅलिफोर्नियातील आर्थिक सल्लागार. शिक्षणाने वैमानिकी अभियंते. १९९४ साली त्यांनी आपल्या व्यवसायाच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. शेअर बाजाराच्या सरासरी परताव्यावरून उचलीचे प्रमाण सांगण्याची जी रीत तेव्हा रूढ होती ती बाजूस सारून त्यांनी १९२६ पासूनचे अमेरिकन शेअर, सरकारी रोखे आणि महागाई यांचे प्रत्यक्ष आकडे घेतले, प्रत्येक वर्षी एक काल्पनिक मनुष्य निवृत्त झाला असे धरले, आणि त्या प्रत्येकाची पुंजी किती वर्षे टिकली असती हे पाहिले. निम्मा ते पाऊण भाग शेअरांत व उरलेला सरकारी रोख्यांत ठेवणारा मनुष्य अगदी वाईट मुहूर्तावर निवृत्त झाला तरी पहिल्या वर्षीची सुमारे चार टक्क्यांची उचल त्यास तीस वर्षे निभावते, हा त्यांचा निष्कर्ष. १९९८ मध्ये टेक्ससमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी हाच प्रांत निराळ्या वाटेने धुंडाळला आणि चार टक्क्यांस विद्वत्तेचे पाठबळ मिळाले. काम प्रामाणिक होते, आणि त्याच्या मर्यादा त्या कामातच लिहिलेल्या होत्या. बेन्गेन यांनी स्वतः पुढे अधिक प्रकारच्या शेअरांचा समावेश करून हा आकडा थोडा वर सरकविला, यावरून ते त्यास निसर्गनियम मानीत नव्हते हे उघड आहे. दोष जातो तो एका देशाच्या दप्तरातून काढलेला उतारा दुसऱ्या देशाच्या जमाखर्चास बिनदिक्कत लावणाऱ्यांकडे.

बेन्गेन यांच्या हिशेबातील मनुष्य प्रत्यक्षात केवळ आपल्या पुंजीवर जगत नव्हता. १९३५ च्या कायद्याने स्थापन झालेले सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन त्यास मरेपर्यंत मिळणार होते. १९७५ पासून ते महागाईच्या मानाने दरसाल आपोआप वाढत आले होते. आणि पासष्टाव्या वर्षापासून १९६५ च्या कायद्याने निर्माण झालेला सरकारी आरोग्यविमा त्याच्या इस्पितळाच्या बिलाचा मोठा भाग उचलणार होता. पुंजी संपली तरी त्याची चूल विझणार नव्हती. नियम चुकलाच तर त्याची शिक्षा राहणीमान खाली येणे एवढीच होती. आपल्याकडील खासगी कारखान्यातील नोकरदाराच्या पायाखाली अशी कोणती जमीन आहे? १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. तिचे सूत्र असे की निवृत्तिवेतनपात्र पगारास सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि सत्तराने भागावे. आणि हा पगार बहुसंख्यांच्या बाबतीत सप्टेंबर २०१४ पासून पंधरा हजारांवर रोखून धरलेला आहे. पस्तीस वर्षे इमानेइतबारे चाकरी केलेल्यास या सूत्राने महिना साडेसात हजारांच्या आसपास पडतात. ही रक्कम वीस वर्षांनीही साडेसात हजारच राहते, कारण महागाई भत्ता तिला जोडलेला नाही.

आता एकाच इमारतीच्या एकाच मजल्यावरील दोन बिऱ्हाडे डोळ्यांपुढे आणा. दोघांचाही मासिक खर्च पन्नास हजार. एकात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक झालेले, म्हणून जुन्या निवृत्तिवेतनास पात्र असलेले, जिल्हा परिषद शाळेचे मास्तर राहतात. दुसऱ्यात अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडणारे सुपरवायझर. मास्तरांना अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर वेळोवेळी महागाई वाढ, त्यांच्यामागे पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन. एकरकमी पैसा हवा असेल तर चाळीस टक्क्यांपर्यंतचे अंशराशीकरण, आणि तो कापला गेलेला भागही पंधरा वर्षांनी पूर्ववत. त्यांनी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा की सरकारचे आणि त्यांचे भागले. पंचवीस पटींचा नियम या दोघांनाही दीड कोटी जमवावयास सांगतो. मास्तरांना त्यातील बहुतेक रकमेची गरज नाही, आणि सुपरवायझरांना ती पुरेल याची खात्री नाही.

यावर प्रतिपक्षाचा चतुर वकील म्हणेल की निवृत्तिवेतन खर्चातून वजा करून उरलेल्यास गुणावे, असेच आम्हीही सांगतो. वजाबाकी मास्तरांच्या बाबतीत चालेल, कारण त्यांचे निवृत्तिवेतन खर्चाबरोबर चालते. सुपरवायझरांचे साडेसात हजार आजच्या खर्चातून वजा केले, तर सहा टक्के महागाई धरता वीस वर्षांनी त्यांची किंमत आजच्या सुमारे तेवीसशे रुपयांइतकी उरेल; वजा केलेली रक्कम हिशेबात पुरी आणि व्यवहारात तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी. महागाईशी बांधलेला रुपया आणि न बांधलेला रुपया एकाच रकान्यात मांडणाऱ्या हिशेबनीसास कोणत्याही जुन्या पेढीवर दुसऱ्या दिवशी कोणी उभे केले नसते.

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील राज्य कर्मचारी आणि शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी इतक्या पट पुंजी द्या अशी घोषणा केली नाही. बाजार कोसळला, महागाई भडकली, किंवा आपण नव्वद वर्षे जगलो, तर भार कोणाच्या अंगावर पडणार, हाच त्यांचा प्रश्न होता. आणि १ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांपुढे एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय ठेवून पंचवीस वर्षांच्या सेवेस अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी देऊ केली, तेव्हा प्रश्नाचे हेच स्वरूप त्यानेही मान्य केले. सरकारी तिजोरीस ते कितपत झेपेल हा निराळा वाद आहे, तो येथे उकरीत नाही. निवृत्ती परवडते की नाही याचा निर्णय मुळात या भाराच्या वाटपावर होतो, आणि पंचवीस पटींच्या नियमात त्या वाटपास रकानाच नाही, एवढे मला येथे दाखवावयाचे आहे. ज्यांना तारीख निवडण्याचीच मुभा नाही त्यांची कथा तर निराळीच. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाने मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांपैकी कितीतरी जणांस कायमचे घरी बसविले. आणि आज श्रावणबाळ योजनेच्या महिना पंधराशे रुपयांवर नाव असलेल्या म्हाताऱ्यास गुणाकार कशाचा करावयास सांगावा?

आता पुराव्याकडे वळू. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक १९७८-७९ हे मूळ वर्ष धरून शंभरापासून मोजला जातो, तो प्रसिद्ध होऊ लागला १९८६ मध्ये. ग्रामीण आणि शहरी मिळून एकत्रित असा ग्राहक किंमत निर्देशांक तर २०११ पासूनचा. तीस वर्षांच्या निवृत्तिकालाची कसोटी घ्यावयाची झाल्यास एकमेकांवर न चढणारे दोन पुरे कालखंडही या दप्तरात बसत नाहीत, आणि जो दीड कालखंड बसतो त्याच्या पोटातच आर्थिक उदारीकरणाचे १९९१ साल उभे आहे, ज्याच्या अलीकडची आणि पलीकडची अर्थव्यवस्था एक म्हणता येत नाही. भारतीय शेअरांनी या काळात महागाईवर चांगली मात केली हे मी नाकारीत नाही. पण दीड साक्षीदाराच्या जबानीवर तीस वर्षांचा निकाल देणे धाडसाचे आहे.

आपल्याकडे महागाई अमेरिकेपेक्षा जास्त, म्हणून नियम खोटा, हा आक्षेप पुष्कळ जण घेतात आणि तो कच्चा आहे. महागाई सात आणि परतावा नऊ असला काय, किंवा तीन आणि पाच असला काय, पुंजीच्या आयुष्यात त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो दोहोंतील अंतराने. आणि त्या अंतराची नजाकत पाहण्याजोगी आहे. पुंजीवरील उत्पन्न, कर वजा जाता, महागाईइतकेच पडले तर पंचवीस पट पुंजी पंचवीस वर्षे पुरते, हे सांगावयास गणिती लागत नाही. शेकडा एकाने अधिक पडले तर ती साडेअठ्ठावीस वर्षांच्या आसपास जाते, दोनाने अधिक पडले तर चौतीस. आणि शेकडा एकाने उणे पडले तर बावीस वर्षांच्या सुमारास खडखडाट. साठीत निवृत्त झालेल्या माणसाच्या भाषेत बोलावयाचे तर ब्याऐंशी आणि चौऱ्याण्णव यांतील हे अंतर आहे, आणि ते ज्या तीन टक्क्यांवर अवलंबून आहे ते तीन टक्के पुढील तीस वर्षांत कोणीकडे झुकतील हे रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरासही सांगता येणार नाही.

वाईट वर्षे आली तर ती केव्हा आली, यास सर्वाधिक महत्त्व आहे, हे बेन्गेन यांचे मर्म. आणि त्यांचे अनुयायी नेमके तेच विसरतात. एक कोटीची पुंजी आणि वर्षास चार लाखांचा खर्च अशा बेताने, निम्म्याहून अधिक रक्कम शेअरांत ठेवून, जानेवारी २००८ मध्ये कोणी निवृत्त झाला असे धरा. त्या महिन्यात निर्देशांक एकवीस हजारांपलीकडे गेला होता. ऑक्टोबर अखेरीस तो आठ हजारांखाली आला. जुन्या शिखरावर तो ठामपणे जावयास २०१३ ची अखेर उजाडली. मधल्या काळात, २००८-०९ ते २०१३-१४ या सहा वर्षांत, औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे किमती मिळून पावणेदोन पटींच्या घरात पोचल्या, म्हणजे त्याची चार लाखांची उचल सातव्या वर्षी सात लाखांवर गेली, आणि दरसालची उचल भागविण्यासाठी पडलेल्या भावात शेअर विकावे लागले ते निराळेच. आता त्याचाच एक सहकारी घ्या, तितकीच बचत केलेला, जो सव्वा वर्षाने, मार्च २००९ मध्ये, पुंजी मोजावयास बसतो. बाजार तळाशी असल्यामुळे ती पंचवीस पट भरत नाही, आणि नियम त्यास सांगतो, थांब. पुढल्या काळाच्या दृष्टीने पाहता निघावयास हा मुहूर्त पहिल्यापेक्षा कितीतरी बरा होता. शेअर चढलेले असताना नियम परवाना देतो आणि पडलेले असताना नाकारतो. धोका मोजण्याच्या ज्या यंत्राचा काटा नेमका उलटा फिरतो त्यास निदान सावधगिरीचे साधन म्हणून खपवू नये.

तर मग शेअर नकोतच, असे म्हणणारा सावध गृहस्थ आपल्या आळीत बहुसंख्य आहे, आणि त्याची समजूत अशी की व्याजावर जगणारास धोका नसतो. भविष्य निर्वाह निधीच्या सार्वजनिक योजनेवर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के व्याज होते. एप्रिल २०२० पासून ते ७.१ आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ मध्ये नऊ टक्क्यांनी सुरू झाली, आज तिचा दर ८.२ आहे, पण २०२३ पासून वाढविलेली मर्यादाही तीस लाखांचीच आणि मुदत पाच वर्षांची. मुदत संपल्यावर जो दर असेल तो पदरी घ्यावा लागतो. प्रधानमंत्री वय वंदना योजना २०१७ मध्ये आली आणि ३१ मार्च २०२३ रोजी नव्या ठेवीदारांना बंद झाली. २०२०-२१ मध्ये मोठ्या सरकारी बँकांच्या दीर्घ मुदतीच्या ठेवींवर साडेपाच टक्क्यांच्या आसपास व्याज होते आणि किरकोळ महागाई सहाच्या वर. आणि सरकारी म्हणून निर्धास्त मानलेल्या ज्या युनिट ट्रस्टच्या १९६४ च्या योजनेत मराठी पेन्शनरांच्या एका सबंध पिढीने आपली फंडाची रक्कम ठेवली, तिची खरेदी-विक्री जुलै २००१ मध्ये एका रात्रीत थांबली, ही गोष्ट अजून जुनी झालेली नाही. महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेले बचतरोखे रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या अखेरीस काढले होते. लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली आणि तो मार्गही बुजला. आयुर्विमा महामंडळाच्या वार्षिकीत (अॅन्युइटीत) दरसाल तीन टक्के सरळ वाढीचा पर्याय आहे, तेवढाच काय तो आधार. कराचा जाच मात्र कमी झाला आहे हे मान्य केले पाहिजे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, आणि व्याजावर जगणाऱ्या पुष्कळ बिऱ्हाडांस त्याने हात दिला आहे.

या सर्व हिशेबांत ज्या व्यक्तीचा विसर पडतो ती म्हणजे पत्नी. निवृत्तीची मुदत नवऱ्याच्या वयावरून धरावयाची आणि ती त्याच्या मृत्यूबरोबर मिटवून टाकावयाची, ही गृहीतके इतकी अंगवळणी पडली आहेत की ती कोणी उच्चारीतही नाही. स्त्रिया सरासरीने पुरुषांपेक्षा अधिक जगतात, आणि आपल्याकडील लग्नांत वधू चार-पाच वर्षांनी लहान असण्याची रीत आहे. सुपरवायझर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि पत्नी त्रेपन्न वर्षांची असली, तर ती नव्वदीस पोचेपर्यंत सदतीस वर्षे भरतात. बेन्गेन यांच्या तीस वर्षांत ती बसत नाहीत, आणि पंचवीस पट पुंजी तेवढी पुरवावयाची तर उत्पन्न महागाईपेक्षा अखंड अडीच टक्क्यांनी अधिक पडले पाहिजे. नवऱ्याच्या पश्चात कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील रक्कम निम्मी होते. घरखर्च निम्मा होत नाही: सोसायटीचा मेंटेनन्स तोच, विजेचा स्थिर आकार तोच, कामवालीचा पगार तोच, आणि ज्या शुश्रूषेचे मोल आजवर कोणी मांडले नाही, कारण ती पत्नीच करीत होती, तिच्यासाठी आता दिवसरात्रीची बाई ठेवावी लागते. पहिल्या सोबत्याची सेवा फुकट आणि दुसऱ्याची विकत, हे म्हातारपणाच्या अर्थशास्त्राचे पहिले कलम असावयास हवे होते. ते बहुतेक कोष्टकांत नाही, याचे कारण कोष्टके करणारे बहुधा पहिल्याच वर्गात मोडतात.

औषधपाण्याचे प्रकरण लांबविण्याजोगे आहे, पण थोडक्यात सांगतो. कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा बहुधा नोकरीबरोबर संपतो, म्हणजे गरज वाढू लागते त्याच सुमारास. विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यांत वर्षास दहा टक्क्यांहून अधिक वाढ आपल्याशी आधी विचारविनिमय केल्यावाचून करू नये असे फर्मावले, आणि ते स्वागतार्हच आहे. पण दहा टक्क्यांनीही हप्ता सव्वासात वर्षांत दुप्पट होतो आणि बावीस वर्षांत आठपट. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास आयुष्मान योजनेखाली कुटुंबामागे पाच लाखांचे संरक्षण आहे. अठ्ठावन्न ते सत्तर ही बारा वर्षे मात्र ज्याची त्याने काढावयाची.

पंचेचाळिशीतील निवृत्तीच्या हौशी मंडळींविषयी दोनच शब्द. त्यांच्या आयुष्याची राहिलेली मुदत पंचेचाळीस वर्षांची असू शकते, आणि ते तीस वर्षांसाठी शिवलेला अंगरखा घालून निघतात. अकाली निवृत्तीचे मराठी इतिहासातील ठळक उदाहरण दुसऱ्या बाजीरावाचे. जून १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याच्या स्वाधीन होऊन, वर्षास आठ लाखांच्या नेमणुकीवर, त्रेचाळिसाव्या वर्षी ते ब्रह्मावर्तास (बिठूरला) गेले आणि जानेवारी १८५१ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षांहून अधिक काळ, ती नेमणूक घेत राहिले. कंपनीच्या तिजोरीतून अडीच कोटींहून अधिक रुपये गेले आणि उदार अटी दिल्याबद्दल माल्कमवर टीका झाली. दीर्घायुष्याचा भार येथे कंपनी सरकारने अंगावर घेतला होता, म्हणून बाजीरावांना पटी मोजण्याचे कारण पडले नाही. त्यांच्यामागे दत्तकपुत्र नानासाहेबांच्या वेळी कंपनीने कुटुंबाच्या तरतुदीचा अर्थ आपल्या सोयीने लावला आणि नेमणूक बंद केली. हमी देणारा कोण आणि ती कोणाच्या हयातीपर्यंत, हे प्रश्न तेव्हाही आठ लाखांच्या आकड्यापेक्षा मोठे निघाले.

आता दुसऱ्या टोकाचे पंडित. पंचवीस पुरत नाहीत ना, मग चाळीस धरा, पन्नास धरा, असे ते सांगतात, आणि ही भीती सावधगिरीच्या वेषात येत असल्यामुळे तिचा प्रतिवाद कोणी करीत नाही. बेन्गेन यांच्याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा आहे की चार टक्के हा सर्वांत वाईट मुहूर्ताचा दर आहे. बहुसंख्य मुहूर्तांवर निवृत्त झालेल्यांच्या पदरी तीस वर्षांनी मोठी शिल्लक उरते. पन्नास पटींच्या हट्टापायी जो मनुष्य अठ्ठावन्नऐवजी पासष्टाव्या वर्षापर्यंत राबतो, तो पुष्कळदा वारसांच्या शिलकीसाठी आपली गुडघे शाबूत असलेली सात वर्षे देऊन बसतो. ही किंमत कोणत्याही कोष्टकात उणे बाजूस मांडलेली मला दिसलेली नाही. पुंजीच्या टक्केवारीवर ज्यांचा मोबदला ठरतो त्या मध्यस्थांना मात्र मोठी पट सोयीची असते. पुंजी जितकी फुगेल आणि जितकी उशिरा मोडली जाईल तितके त्यांचे उत्पन्न. यात कपट आहे असे मी म्हणत नाही, फक्त त्यांचे हित आणि आपले हित एका दिशेने वाहत नाही.

मग हिशेब मांडावा कसा? खर्चाचे एक खाते न ठेवता ते फोडावे. किराणा, औषधे, वीज, मेंटेनन्स, विम्याचा हप्ता, कामवाली, हे खर्च नवरा-बायकोंपैकी मागे राहणाऱ्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत चालणार, आणि त्यांत काटछाट करता येत नाही. यात्रा, लग्नकार्यातील आहेर, नवी गाडी, हे बाजार वाईट असलेल्या वर्षी पुढे ढकलता येतात. इमारतीची दुरुस्ती, आईचे आजारपण, मुलीच्या शिक्षणाचा शेवटचा हप्ता, हे एकदाच येतात पण येतात तेव्हा विचारून येत नाहीत, म्हणून त्यांची रक्कम बाजूस काढून तिला हात लावू नये. पहिल्या खात्यासमोर केवळ हयातभर टिकणारे उत्पन्न लिहावे: निवृत्तिवेतन, दोघांच्या हयातीची वार्षिकी, फार तर ज्येष्ठ नागरिक योजनेचे तिमाही व्याज, आणि यांतील जे महागाईबरोबर वाढत नाही ते दहा वर्षांनी आणि वीस वर्षांनी किती उरेल हे शेजारी लिहून पाहावे. तेथे जी खोट दिसेल ती भरून काढावयास जेवढी रक्कम लागते, तीच खरी आवश्यक पुंजी. वार्षिकी लगेच घेण्याची घाई नसावी. ती जितक्या मोठ्या वयात घ्यावी तितका दर चांगला मिळतो, म्हणून ती सत्तरीच्या सुमारास, टप्प्याटप्प्याने घेणे बरे. शेअरांतील पैसा दुसऱ्या खात्यासाठी आणि दूरच्या वर्षांसाठी राखावा, म्हणजे २००८ सारखे वर्ष आले तर किराण्यासाठी तो विकावा लागणार नाही. राहते घर पुंजीत धरू नये, मुलुंडचे विकून चिपळूणला किंवा सांगलीला जाण्याचा बेत पत्नीसह पक्का झाला असेल तरच धरावे; आणि गावची जमीन, जिच्या सातबाऱ्यावर सात चुलत्यांची नावे आहेत, ती वाटणी होऊन फेरफार मंजूर होईपर्यंत काव्यात धरावी.

असा मांडलेला हिशेब तारीखही सांगतो. ज्या वर्षी पहिले खाते हयातभराच्या उत्पन्नाने झाकले जाते आणि एकदाच येणाऱ्या खर्चांची रक्कम बाजूस पडते, त्या वर्षी निवृत्ती परवडते, मग एकूण पुंजी खर्चाच्या अठरा पट का असेना. आणि ते होत नसेल तर चाळीस पट असूनही घाई करू नये, कारण ती चाळीस पट कदाचित एकाच चढलेल्या बाजाराची कृपा असेल. मास्तर बहुधा निवृत्तीच्याच दिवशी या कसोटीस उतरतात. सुपरवायझरांना आणखी दोन-तीन वर्षे अर्ध्या पगाराचे का होईना काम करणे श्रेयस्कर पडेल. त्या काळात पुंजी मोडावी लागत नाही, पत्नीची वाढलेली वर्षे वार्षिकीच्या दरात उपयोगी पडतात, आणि ती पासष्टीची झाल्यावर मग काय, हा प्रश्न त्यांना शांतपणे विचारात घेता येतो.

एवढी यातायात कोण करणार, लोकांना सोपा नियम हवा, हा शेवटचा आक्षेप. ज्या गृहस्थांनी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत जिन्याच्या रंगाच्या तीन निविदा ओळीओळीने तपासून सेक्रेटरीस घाम फोडलेला आहे, त्यांना स्वतःच्या तीस वर्षांची खतावणी झेपत नाही, हे मला पटत नाही. तरीही ज्यास सल्लागाराकडे जावयाचे असेल त्याने जावे. जाताना दोन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: मी तीन वर्षे अधिक नोकरी केली तर तुमचा मोबदला किती वाढतो; आणि माझी पत्नी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आणि एकटी असेल, तेव्हा तिच्या औषधांचे पैसे कोणत्या खात्यातून, कोणाच्या हमीवर येतील. उत्तरे लेखी घ्यावीत, आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात नुसता पटीचाच आकडा आला तर भरलेली फी परत मागावी.